पोचपावती हरवली तर काय होतं? वायफाय आणि ५जी मोकळ्या लहरींवर ‘मिळालं’ कसं कळवतात

छत्रपती संभाजीनगरात सिडकोतल्या एखाद्या अपार्टमेंटमध्ये संध्याकाळी सातनंतर मोबाइलवर वायफायची यादी उघडून बघा. वीस-पंचवीस नावं सहज दिसतात. तुमच्या राउटरचे दांडे फुल असतात, महिन्याचं बिल भरलेलं असतं, तरीही व्हिडिओ कॉलवर समोरच्याचा चेहरा अडकून बसतो. केबलवाल्या दादांना फोन केला की ठरलेलं उत्तर येतं, “बॉक्स बंद करून चालू करा.”

गंमत म्हणजे अशा वेळी अनेकदा तुमच्यापर्यंत डेटा व्यवस्थित पोहोचलेला असतो. अडतं ते परतीच्या वाटेवर. तुमच्या मोबाइलने राउटरला पाठवलेलं “मिळालं बरं का” हे छोटंसं उत्तर हरवतं, आणि राउटर तीच गोष्ट पुन्हा पाठवत बसतो.

या उत्तराला मराठीत शब्द आहे: पोचपावती. इंजिनियर त्याला ‘अ‍ॅक’ म्हणतात, ‘अ‍ॅकनॉलेजमेंट’चं लघुरूप. मोकळ्या, म्हणजे परवान्याशिवाय सगळ्यांनी वाटून वापरायच्या लहरींवर ही पोचपावती भरवशाने परत कशी आणायची, हा प्रश्न पन्नास वर्षं जुना आहे. कारखान्यांत ५जी आणायची चर्चा सुरू झाली तसा तो पुन्हा महत्त्वाचा झाला.

आधी रजिस्टर ए.डी. आठवूया

घरमालकाची नोटीस असो की कोर्टाची, ‘रजिस्टर ए.डी.’ने पाठवली की पत्रासोबत एक कार्ड जायचं. घेणाऱ्याची सही होऊन ते कार्ड पाठवणाऱ्याकडे परत यायचं. कार्ड आलं म्हणजे काम झालं.

कार्ड आलंच नाही तर? पत्र वाटेत हरवलं असेल. पत्र पोहोचलं, पण कार्ड हरवलं असेल. किंवा घेणाऱ्याने सही केली, पण पोस्टमनला परत निघायलाच उशीर झाला असेल. पाठवणाऱ्याला या तिन्ही गोष्टी अगदी सारख्याच दिसतात: हातात काहीच नाही. मग तो दुसरं पत्र पाठवतो, कधी गरज असताना, बऱ्याचदा गरज नसताना.

बिनतारी जगात नेमकं हेच घडतं, फक्त सेकंदाला हजारो वेळा.

सुरुवात हवाईतून झाली. जून १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अ‍ॅब्रॅमसन यांच्या गटाने ‘अलोहानेट’ सुरू केलं. वेगवेगळ्या बेटांवरची केंद्रं एकाच रेडिओ लहरीवर, कुणाचीही परवानगी न घेता, मनाला येईल तेव्हा पाठवायची. दोघांनी एकदम पाठवलं की दोन्ही निरोपांचा चुराडा. हे कळायचं कसं? मुख्य संगणकाकडून पोचपावती आली नाही, की समजायचं टक्कर झाली. मग थोडा वेळ थांबून, तोही प्रत्येकाने वेगवेगळा, पुन्हा पाठवायचं. या साध्या पद्धतीत गणिताने लहरीची जेमतेम १८ टक्के क्षमताच उपयोगी पडते. पण कल्पना टिकली, आणि तुमच्या घरातलं वायफाय याच घराण्यातलं आहे.

वायफायने काढलेली युक्ती

वायफायचं पहिलं मानक १९९७ चं. त्यात पोचपावतीला मान दिलेला आहे, अगदी रुग्णवाहिकेसारखा. ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एखाद्याचं पाकीट पोहोचलं की घेणारा फक्त १६ मायक्रोसेकंद थांबतो आणि लगेच पोचपावती सोडतो. लहर मोकळी आहे का, हेही तो तपासत नाही. नवीन काही पाठवू पाहणाऱ्या इतरांना मात्र साधारण ३४ मायक्रोसेकंद शांतता दिसल्याशिवाय रांगेतही उभं राहता येत नाही. त्यामुळे पोचपावती दरवेळी आधी निसटते. शिवाय मूळ पाकिटावरच ‘आणखी इतका वेळ हवा राखीव आहे’ असं लिहिलेलं असतं. ते वाचणारे शेजारी तेवढा वेळ गप्प बसतात.

मग अडतं कुठे? जे ते वाचूच शकत नाहीत, त्यांच्यापाशी. २.४ गिगाहर्ट्‌झवर मायक्रोवेव्ह ओव्हन, ब्लूटूथ, वायरलेस माउस असे सगळे असतात. मायक्रोवेव्हला वायफायची लिपी येत नाही. दुसरं कारण जास्त घरगुती आहे. राउटर भिंतीतल्या विजेवर चालतो, तो जोरात बोलू शकतो. मोबाइलला बॅटरी वाचवायची असते, त्याचा आवाज बारीक. बेडरूममध्ये राउटरचं ऐकू येतं, म्हणून दांडे फुल दिसतात. पण मोबाइलची पोचपावती दोन भिंती ओलांडून हॉलपर्यंत पोहोचत नाही. दांडे राउटरचा आवाज मोजतात. तुमचा आवाज तिकडे कसा ऐकू येतो, हे ते सांगत नाहीत.

यातली सगळ्यात वाईट बाब पुढची. पोचपावती आली नाही की राउटरला वाटतं, सिग्नल कमजोर असावा. तो वेग कमी करतो. वेग कमी म्हणजे तेच पाकीट पाठवायला जास्त वेळ. जास्त वेळ हवेत राहिल्याने शेजाऱ्याच्या पाकिटाशी टक्कर व्हायची शक्यता वाढते. म्हणजे निदान चुकीचं, आणि औषधाने दुखणं वाढलेलं.

आणि ही पावती स्वस्तही नाही. ३०० एमबीपीएस वेगाने १,५०० बाइटचं पाकीट पाठवायला साधारण ४० मायक्रोसेकंद लागतात, वर प्रस्तावनेचा वेळ वेगळा. पोचपावती फक्त १४ बाइटची असते. पण ती सगळ्यांना ऐकू जावी म्हणून हळू वेगात पाठवतात. ६ एमबीपीएसने पाठवली तर तिला प्रस्तावनेसह ४४ मायक्रोसेकंद लागतात. पत्रापेक्षा पावतीचंच टपाल महाग! म्हणून पुढे ‘ब्लॉक अ‍ॅक’ आलं: ६४ पाकिटं एकदम घ्यायची आणि एकाच पावतीत ‘यातलं ७ वं आणि २३ वं सोडून सगळी मिळाली’ असं कळवायचं. वायफाय-६ मध्ये ही संख्या २५६ झाली, वायफाय-७ मध्ये १,०२४. ही एकत्रित पावती हरवली तर पाठवणारा सगळी पाकिटं पुन्हा पाठवत नाही. तो फक्त विचारतो, “पावती पुन्हा द्या.” हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे ५जीमध्ये तो परत येणार आहे.

गच्चीवरची डिश आणि दौलताबादचा किल्ला

शहराबाहेर निघालं की छोट्या इंटरनेट कंपन्यांच्या पांढऱ्या डिश गच्च्यांवर दिसतात. यातल्या बऱ्याच ५ गिगाहर्ट्‌झच्या मोकळ्या पट्ट्यावर चालतात. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये या पट्ट्यातले एकूण ६०५ मेगाहर्ट्‌झ परवानामुक्त केले, घराबाहेरच्या वापरासाठीसुद्धा. जिओसारखी मोठी कंपनीही काही घरगुती जोडण्या याच मोकळ्या पट्ट्यावरून देते. ‘यूबीआर’ या नावाने तिचा उल्लेख येतो.

आता समजा, शहरातल्या एका गच्चीवरून दौलताबादच्या बाजूला १५ किलोमीटरवर डिश लावली. रेडिओ लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. म्हणजे जायला ५० मायक्रोसेकंद, पोचपावतीला परत यायला आणखी ५०. घरातल्या खोल्यांसाठी बनवलेलं वायफाय एवढी वाट बघायला शिकलेलंच नाही. ते आधीच ‘आली नाही पावती’ म्हणून पुन्हा पाठवायला लागतं. पलीकडे तेच पाकीट दुसऱ्यांदा पोहोचतं, पलीकडचा ते टाकून देतो आणि बिचारा पुन्हा पोचपावती पाठवतो. सिग्नल उत्तम, वेग मात्र कासवाचा. म्हणूनच अशा उपकरणांच्या सेटिंगमध्ये ‘डिस्टन्स’ असा रकाना असतो. तिथे किलोमीटर बरोबर भरले नाहीत तर महागडी डिशही वाया जाते.

या प्रश्नावर भारतात मोलाचं काम झालं आहे. भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू हे दोघे तेव्हा आयआयटी कानपूरमध्ये होते, नंतर आयआयटी मुंबईत आले. उत्तर प्रदेशातल्या गावांना त्यांनी लांब पल्ल्याच्या वायफायने जोडण्याचा प्रयोग केला. २००५ मध्ये त्यांनी मांडलेल्या पद्धतीत वायफायची ती तडकाफडकीची पोचपावती चक्क बंद केली. पावत्या वरच्या पातळीवर, उलट दिशेने जाणाऱ्या डेटाच्या पाठीवर बसवून पाठवल्या. तमिळनाडूत अरविंद नेत्र रुग्णालयाच्या थेनी भागातल्या दृष्टिकेंद्रांसाठी बर्कली विद्यापीठाच्या गटाने ‘वाइल्डनेट’ उभारलं, तेव्हा त्यांनीही एकेका पाकिटाऐवजी ठोक पावती वापरली. २००७ च्या त्यांच्या शोधनिबंधात नेहमीच्या वायफायच्या तुलनेत वेग दोन ते पाच पट वाढल्याचं नोंदवलं आहे. गावातला पेशंट कॅमेऱ्यासमोर आणि डॉक्टर शहरात, असा हा वापर होता. चित्र अडकणं तिथे नुसती चिडचिड नव्हती.

महाराष्ट्रातलं उदाहरण पालघरचं. आयआयटी मुंबईत अभय करंदीकर यांच्या नेतृत्वाखाली ‘ग्राममार्ग’ प्रकल्प झाला. टीव्हीच्या यूएचएफ पट्ट्यात भारतात बरीच जागा रिकामी असते. ती वापरून त्यांनी पालघरमधल्या सात वाड्या-वस्त्यांपर्यंत इंटरनेट नेलं. २०१७ मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत या प्रकल्पाला पहिलं बक्षीस मिळालं. आपल्या विषयासाठी पालघरचा धडा असा की ‘वाटून घेतलेला स्पेक्ट्रम’ म्हणजे नेहमी गर्दीच असं नाही. तिथे हवा शांत होती, अडचण अंतराची आणि झाडांची होती. सिडकोत अंतर दहा पावलांचं आहे, अडचण शेजाऱ्यांची आहे.

५जीला हे कोडं नव्याने का पडलं?

मोबाइल कंपन्या लिलावात विकत घेतलेल्या लहरी वापरतात. तिथे दुसरा कुणी नसतो, त्यामुळे सगळं घड्याळावर चालतं. ४जीमध्ये तर नियमच ठरलेला: डेटा आला की चार मिलिसेकंदांनी पोचपावती द्यायची. ५जीमध्ये टॉवर सांगतो, “अमुक वेळाने उत्तर दे,” आणि मोबाइल त्या क्षणी उत्तर देतो.

या पद्धतीचं नाव ‘हार्क’. वायफायपेक्षा ती थोडी चतुर आहे. पाकीट अर्धवट समजलं तर मोबाइल ते फेकत नाही, जपून ठेवतो आणि ‘नाही कळलं’ असं सांगतो. दुसऱ्यांदा आलेली प्रत पहिलीवर ठेवून दोन्ही मिळून वाचतो. फाटलेल्या नोटेचे दोन तुकडे जोडून नंबर वाचावा तसं.

मोकळ्या पट्ट्यात मात्र बोलण्याआधी ऐकावं लागतं. युरोप आणि जपानमध्ये ५ गिगाहर्ट्‌झवर हा कायदेशीर नियम आहे, आणि मानकं तो धरूनच लिहिली गेली. आता टॉवरने सांगितलं, “चार मिलिसेकंदांनी उत्तर दे.” चार मिलिसेकंद झाले, मोबाइलने कान दिला, तर शेजारचं वायफाय बोलतंय! नियमाने गप्प बसायचं. ठरलेली वेळ गेली, पोचपावती गेली. टॉवरला काही कळत नाही: मोबाइलला निरोपच मिळाला नाही, की मिळाला पण बोलता आलं नाही? रजिस्टर ए.डी.चा तोच गोंधळ.

पहिलं उत्तर पळवाटेचं होतं. २०१६ च्या ‘रिलीज १३’ मध्ये ४जीने मोकळ्या पट्ट्यात पाऊल टाकलं, पण फक्त टॉवरकडून मोबाइलकडे. पोचपावत्या मात्र विकत घेतलेल्या लहरीवरूनच परत येत. ज्याच्याकडे स्वतःचा परवाना आहे, त्याला हे जमतं. वाळूजच्या एखाद्या मध्यम कारखानदाराकडे तो कुठून असणार? त्याला फक्त मोकळ्या पट्ट्यावर चालणारं ५जी हवं. ते २०२० च्या ‘रिलीज १६’ मध्ये आलं, ‘एनआर-यू’ नावाने. पोचपावतीचा प्रश्न खऱ्या अर्थाने तिथे सोडवावा लागला.

सोडवला कसा? एका उपायाने नाही, चार-पाच उपायांची मोट बांधून.

पहिला उपाय वायफायकडूनच उचलला म्हणायला हरकत नाही. टॉवरने एकदा हवा जिंकली की ती काही मिलिसेकंद त्याची असते. त्यातलाच थोडा वेळ तो मोबाइलला देतो. टॉवर थांबल्यावर मोबाइलने १६ मायक्रोसेकंदांच्या आत बोलायला सुरुवात केली, तर छोट्या उत्तरासाठी ऐकण्याचीही गरज नाही. अंतर थोडं जास्त, २५ मायक्रोसेकंद असेल, तर नुसता एक झटपट कान द्यायचा. लांबलचक रांग लावायची नाही. बसमध्ये एकाने रुमाल टाकून दोघांची जागा धरावी, तसा प्रकार.

पण डेटा अगदी शेवटच्या क्षणी आला आणि मोबाइलला तो वाचून उत्तर तयार करायला वेळच उरला नाही तर? त्यासाठी टॉवर आता वेळ न सांगता म्हणू शकतो, “उत्तर तयार ठेव, कधी द्यायचं ते नंतर सांगतो.” घड्याळावर चालणाऱ्या मोबाइल जगात ही बरीच मोठी मुभा आहे.

तिसरा उपाय मला सगळ्यात आवडतो, कारण तो आपल्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात रोज दिसतो. बिल्टीसोबत आलेल्या खोक्यांवर ‘३/५’, ‘४/५’ असं लिहिलेलं असतं. चौथा नग आलाच नाही तर घेणाऱ्याला ते आपोआप कळतं. ५जीमध्येही टॉवर प्रत्येक पाकिटाबरोबर असा मोजणीचा आकडा पाठवतो, म्हणजे मधलं पाकीट पूर्ण चुकलं तरी मोबाइल त्याच्या जागी ‘नाही मिळालं’ लिहितो. एनआर-यूने यात भर घातली: नगांचे दोन गट. एका गटाची पावती टॉवरपर्यंत पोहोचली नाही, तर पुढच्या वेळी तो दोन्ही गटांची पावती एकत्र मागू शकतो. जुनी पावती नीट मिळाली की टॉवर एक खूण उलटवतो. तिचा अर्थ, “तो हिशेब मिटला, नवं पान सुरू.”

आणि एवढं करूनही घोळ झालाच तर चौथा उपाय, ‘वन-शॉट’. टॉवर म्हणतो, “सगळंच सांग.” मोबाइलकडे एका वेळी डेटाचे १६ पर्यंत धागे उघडे असू शकतात. तो सोळाच्या सोळा धाग्यांची ताजी स्थिती एका दमात कळवतो. ब्लॉक अ‍ॅकमधलं ते “पावती पुन्हा द्या” आठवलं ना? तीच युक्ती, मोठ्या प्रमाणावर. उत्तर लांब होतं, हवेतला वेळ जास्त खातं, म्हणून ते रोज वापरायचं नाही.

याशिवाय एक कमी दिसणारी सुधारणा आहे. नेहमीच्या ५जीमध्ये पोचपावती पट्ट्याच्या एका अरुंद कोपऱ्यात जाते. मोकळ्या पट्ट्यात पाठवणाऱ्याने पट्ट्याचा बराचसा भाग व्यापावा असा नियम आहे, आणि ठराविक रुंदीत किती शक्ती ओतायची यावरही मर्यादा आहे. म्हणून पावती कंगव्याच्या दातांसारखी २० मेगाहर्ट्‌झभर पसरवून पाठवतात. नियमही पाळला जातो आणि आवाजही लांब जातो.

हरवलेली पावती बरी, खोटी पावती नको

‘मिळालं’ हे उत्तर हरवलं तर नुकसान काय? एकदा जास्तीचं पाठवावं लागतं. पण मोबाइल ‘नाही मिळालं’ म्हणाला आणि टॉवरने ‘मिळालं’ असं ऐकलं तर? टॉवर ते पाकीट विसरून पुढे जातो. पलीकडे खड्डा तसाच राहतो. वरच्या पातळीवरच्या तपासणीत तो सापडतो, पण बऱ्याच उशिरा. म्हणून ५जीच्या काही चाचण्यांत पोचपावती हुकण्याचं प्रमाण शंभरात एकपर्यंत चालतं, पण ‘नाही’चं ‘हो’ ऐकू येण्याचं प्रमाण हजारात एकच्या आत ठेवावं लागतं. माझ्या मते या सगळ्या रचनेत हे सर्वांत शहाणपणाचं: दोन चुका सारख्या धरलेल्या नाहीत.

कारखान्यात याचा अर्थ काय होतो? शेंद्रा-बिडकीनची ‘ऑरिक’ वसाहत, वाळूजची वाहन आणि सुट्या भागांची युनिट्स, २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारशी केलेला करार, हे पाहता आपल्याकडे यंत्रांशी बिनतारी बोलण्याची गरज वाढणार हे उघड आहे. लोकांना वाटतं, सिग्नल गेला तर रोबो माणसाच्या अंगावर जाईल. सुरक्षा-यंत्रणा तशी बनवलेली नसते. ठराविक वेळेत निरोप आला नाही की यंत्र स्वतः थांबतं. पण म्हणूनच बेभरवशाचं नेटवर्क वेगळ्या प्रकारे महाग पडतं. सामान वाहणारी गाडी विनाकारण मधेच थांबते, तिच्या मागची थांबते, मग लाइन थांबते. सुपरवायझर दोनदा हे सहन करतो, तिसऱ्यांदा म्हणतो, “वायरच टाका.” आणि तो चुकीचा नसतो.

केंद्राने जून २०२२ मध्ये कारखान्यांच्या स्वतःच्या नेटवर्कसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मे २०२५ मध्ये ६ गिगाहर्ट्‌झच्या खालच्या भागातले ५०० मेगाहर्ट्‌झ कमी शक्तीच्या वापरासाठी परवानामुक्त करण्याचा मसुदा आला. या पट्ट्यावरून मोबाइल कंपन्या आणि तंत्रज्ञान कंपन्या यांच्यात बरीच ओढाताण झाली. पट्टा जितका रुंद, तितकी पोचपावतीला मोकळी जागा सापडण्याची शक्यता जास्त, म्हणून या वादाचा आपल्या व्हिडिओ कॉलशीही संबंध आहे.

तोवर घरी काय करता येईल? शक्य तिथे ५ गिगाहर्ट्‌झ वापरा. शेजारी बरेच असतील तर राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनलची रुंदी ८० वरून ४० किंवा २० करून बघा. कागदावरचा वेग घटतो, पण टकराही घटतात. आणि राउटर टीव्हीमागच्या कपाटातून बाहेर काढा. त्याचा आवाज तुम्हाला ऐकू येत असेलही, तुमच्या मोबाइलचा त्याला यायला हवा.

जाता जाता एक उलटा प्रवास. ‘सगळंच सांग’ ही वन-शॉट युक्ती गर्दीच्या मोकळ्या पट्ट्यासाठी काढली होती. पुढच्या ‘रिलीज १७’ मध्ये तिचं आटोपशीर रूप तयार झालं, सोळाऐवजी हव्या तेवढ्याच धाग्यांची स्थिती विचारणारं. ते मुख्यतः कारखान्यांतल्या तातडीच्या निरोपांसाठी आहे, आणि ते लिलावात विकत घेतलेल्या लहरींवरही चालतं.